साडेआठ इंचाच्या दोन लेन्स

मधुकर खटावकर कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानत नसे. आमटीत चिमूटभर मीठ घातलंय असं बायको म्हणाली, तर कुणाच्या चिमटीने, असं विचारणारा हा माणूस. शरयू म्हणायची, "ह्यांना उद्या देव भेटला तर आधी त्याची उंची घेतील." तो हसायचा, आणि उंची घ्यायला काय हरकत आहे ते तिला शांतपणे समजावून सांगायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

साताऱ्यात शुक्रवार पेठेत त्यांचं तीन खोल्यांचं भाड्याचं घर. मागे फरशीचं अंगण, अंगणाकडे तोंड करून एक पडवी. तोच त्याचा स्टुडिओ. गिऱ्हाईक पडवीत खुर्चीवर बसायचं, कॅमेरा अंगणात तीन पायांच्या स्टँडवर, आणि आभाळाचा सगळा उजेड गिऱ्हाइकाच्या तोंडावर. कॅमेऱ्यापासून दोन हातांवर दगडी डोणी होती, तीत धुण्यापुरतं पाणी असे. फोटो मधुकर काढायचा आणि काचेच्या प्लेटवरचं बारीक काम शरयू करायची.

प्लेटवर सगळं उलटं असतं, काळं ते कोरं आणि कोरं ते काळं. धुळीचा कण बसला तर काचेवर कोरं टिंब राहतं आणि छापल्यावर त्याचा काळा डाग होतो. ती टिंबं टोकदार पेन्सिलीने भरायची. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शरयूने एका सावकारीणबाईंच्या कपाळावरचं टिंब असंच इमानेइतबारे भरून टाकलं होतं. त्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे कुंकूही कोरंच उतरायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोटोतल्या बाईंचं कपाळ पांढरंफटक, आणि यजमान धडधाकट दारात उभे. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. कपाळाला हात लावायचा नाही. बाकी चेहरा तिचा.

चव्वेचाळीस सालच्या पावसाळ्यात मधुकरच्या लेन्सला आतून बुरशी धरली. साताऱ्याचा पाऊस कपाटातल्या चपलांना सोडत नाही, तिथे लेन्सची काय कथा. लढाईमुळे नवी लेन्स मुंबईलाही मिळेना. तेवढ्यात कळलं की सांगलीला विष्णुपंत नावाचे फोटोग्राफर वारले आणि त्यांच्या पत्नीला सामान काढून टाकायचंय. दिवाळी झाल्यावर तो मोटारीने सांगलीला गेला. हळदीच्या वासातून पेठ ओलांडून, गावभागात पत्ता विचारत घर शोधून काढलं.

अनसूयाबाई साठीच्या, गोऱ्या, शांत होत्या. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली लेन्स त्याच्या हातात दिली. पितळी कड्यावर आकडा कोरलेला होता. साडेआठ इंच. अगदी त्याच्या लेन्सचंच माप.

"ह्यांचा फार जीव होता हिच्यावर," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी गिऱ्हाइकांना वापरत नसत. माझेच फोटो काढत बसायचे. चाळीस तरी असतील."

"एकट्या तुमचे?"

"मी हिच्यासमोर फार समाधानाने बसते म्हणायचे." त्यांनी फडक्याची घडी घातली. "बसतही होते मी. खरं आहे ते."

मधुकरने लेन्स उजेडात धरून पाहिली. काच स्वच्छ होती. त्याला एवढंच पाहायचं होतं.

घरी आल्यावर आधी त्याने जुनी लेन्स उघडून दोन दिवस खपून साफ केली. आता एका मापाच्या दोन लेन्स हाताशी असताना तो गप्प बसणं शक्य नव्हतं. त्याने शरयूला खुर्चीवर बसवलं, स्टँडच्या पायांभोवती खडूच्या खुणा केल्या आणि जुन्या लेन्सने एक प्लेट काढली. मग कॅमेरा तसूभरही न हलवता नवी लेन्स चढवून दुसरी. दोन्ही वेळा लेन्सवरची टोपी काढून दोन आकडे मोजायचे आणि टोपी लावायची. माप एक असेल तर दोन्ही चित्रं तंतोतंत एक आली पाहिजेत, इतका साधा हिशेब.

प्लेटा वाळल्यावर त्याने एकीवर एक ठेवून खिडकीशी धरल्या. पडवीचे खांब जुळले. खुर्चीचे हात जुळले, भिंतीवरच्या खिळ्यावर खिळा बसला. शरयू मात्र जुळेना. दुसऱ्या प्लेटमध्ये तिने मान थोडी वळवली होती आणि ती डोणीकडे बघत होती.

"तू हललीस," तो म्हणाला.

"हलले असते तर धूसर आले नसते का? पापण्या मोजून घ्या माझ्या."

पापण्या मोजता येत होत्या. त्याने पुन्हा दोन प्लेटा काढल्या, लढाईच्या दिवसांत प्लेटा मिळत नसताना. तोच प्रकार. मग रिकामी खुर्ची काढली, ती जुळली. खुर्चीवर पाण्याची कळशी ठेवली, तीही जुळली. मग शेजारच्या पद्माबाईंना बसवलं. पहिल्या प्लेटमध्ये त्या गोळी गिळल्यासारख्या सरळ बघत होत्या. दुसरीत डोणीकडे, आणि ओठांच्या कडेला असं काहीतरी होतं की मधुकर बराच वेळ बघत राहिला. पद्माबाईंना त्याने सात वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

नव्या लेन्सचं पितळ चकाकतं, त्याने नजर ओढली जात असेल, असं त्याने ठरवलं आणि कड्याला काजळी फासली. फरक पडला नाही. डोणीपाशी काय आहे ते जाऊन पाहिलं. पाणी होतं आणि एक तांब्या.

पण फोटो. असे फोटो त्याने जन्मात काढले नव्हते. जो तो निवांत, भरल्या पोटी ओट्यावर बसून आपल्या माणसाची वाट बघावी आणि ते माणूस समोरून येताना दिसावं, तसा. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, मी असा दिसतो होय? आणि आणखी दोन प्रती सांगायचं. महिन्याभरात मधुकरने जुनी लेन्स बाजूला ठेवली. हातच्या काकणाला आरसा कशाला?

शरयूचं काम मात्र वाढलं. नव्या लेन्सच्या प्लेटांत डोळ्यांत टिंब पडायचं. पडवीत बसलेल्या माणसाच्या बाहुलीत अंगणाचा उजेड येतो आणि त्या उजेडात कॅमेऱ्यापाशी उभ्या मधुकरची उभी बारीक रेघ असते, ही तिच्या सवयीची. आता त्या रेघेशेजारी आणखी एक कोरं टिंब. काचेत दोष असेल म्हणून ती पेन्सिलीने भरून टाकायची. दोन महिने तिने ती टिंबं भरली.

मग एका दुपारी, पद्माबाईंना त्यांचा फोटो हवा होता म्हणून तिने त्यांची प्रयोगाची, टिंबं अजून न भरलेली प्लेट घेतली. पेन्सिलीचं टोक नीट झालं नव्हतं, ते घासता घासता तिने सहज भिंग डोळ्याला लावलं. मधुकरच्या रेघेशेजारी दुसरी रेघ होती. त्याच्या कमरेएवढी. तिला डोकं होतं आणि दोन हात होते, आणि एक हात वर केलेला होता.

पद्माबाईंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी विषमज्वराने गेला होता. पाच वर्षांचा होता.

शरयूने पेन्सिल खाली ठेवली. मग उठून तिने कपाटातून नव्या लेन्सने काढलेली स्वतःची पहिली प्लेट काढली, जी तिने नीट पाहिलीच नव्हती. तिच्या डोळ्यात मधुकरच्या पलीकडे एक वाकलेला माणूस उभा होता, काखेत छत्री धरून. वाईला घाटावर तिचे वडील, नारायणराव, उन्हापावसात असेच उभे राहायचे. छत्री कधी उघडायचे नाहीत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. शरयू भीतीची वाट बघत पाच मिनिटं बसली. भीती आली नाही. तिला थोडं रडू आलं, आणि मग तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तिने मधुकरला सगळं दाखवलं. त्याने घरात होत्या तेवढ्या सगळ्या प्लेटा काढल्या, एकतीस, आणि डोळ्यांत भरलेली पेन्सिल पुसून एकेक भिंगाखाली धरली. लहान मुलांच्या डोळ्यांत एकच रेघ, त्याची स्वतःची. ज्यांचं जवळचं कुणी गेलेलं नव्हतं त्यांच्या डोळ्यांतही एकच, आणि ते सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते. बाकी सगळ्यांच्या डोळ्यांत दोन.

"काचेत बुडबुडा असेल," तो म्हणाला.

"बुडबुडा छत्री घेऊन उभा राहतो का?"

त्याने भिंग फडक्याने पुसून जागेवर ठेवलं. म्हणजे त्याने कबूल केलं, हे तिला कळलं. त्यानंतर तिने एकही टिंब भरलं नाही आणि दोघांनीही बाहेर अवाक्षर काढलं नाही. गिऱ्हाइकं खूश होती. तीही खूश होती. गेलेली माणसं डोणीपाशी येऊन उभी राहत असतील तर राहू देत, पाण्याची काही कमी नाही, असं ती एकदा म्हणाली.

फाल्गुनात माण तालुक्यातून दोन माणसं आली. बाळासो नावाचा पागोटं बांधलेला म्हातारा, मेंढरं राखणारा, आणि त्याची सून सुलाबाई, विशीची. कचेरीत आले होते, तिथून विचारत विचारत इथे. बाळासो पडवीच्या कडेला टेकला.

"पोरगं पलटनीत हाय, धुळा. इटलीला धाडला हुता. साल झालं, कागद आलाय, गावत न्हाई म्हून. कवा गावल त्येबी ठावं न्हाई म्हनत्यात. गावात समद्यांनी ठरीवलंय, आता येत्या अवसंला हिच्या बांगड्या फोडायच्या." त्याने घसा साफ केला. "ही म्हनली, त्येच्या आदी येक फोटू काडा. कुकवासकट."

सुलाबाईने हिरव्या बांगड्या भरलेले हात मांडीवर ठेवले होते आणि कपाळावर चार आण्याएवढं कुंकू लावलं होतं.

शरयूने मधुकरकडे पाहिलं. त्याने तिची नजर ओळखली आणि नवी लेन्स चढवली.

"माहेरी सगळी आहेत ना ग?" शरयूने पदर सारखा करता करता विचारलं.

"हायती की, वैनी. म्हातारी आज्जीबी हाय."

मधुकरने टोपी काढली, दोन मोजले, टोपी लावली. "थोडा वेळ बसा," शरयू त्यांना म्हणाली, "प्लेट धुवून बघू, मग जा." त्यांना चहा देऊन ती नवऱ्यामागोमाग अंधाऱ्या खोलीत गेली. प्लेट धुऊन झाल्यावर खिडकी उघडून, ती ओलीच उजेडात धरून तिने भिंग लावलं. सुलाबाई सरळ बघत होती, कॅमेऱ्याशी भांडायला बसल्यासारखी. दोन्ही डोळ्यांत अंगण होतं आणि त्यात एकच रेघ. शरयूने तीनदा पाहिलं.

"काचेच्या भरवशावर काही बोलू नकोस," मधुकर हळूच म्हणाला.

"आणि बोलले नाही तर अवसेला बांगड्या फुटतील."

ती बाहेर आली. "बाळासो, कागद आहे का जवळ?" त्याने पागोट्यातून घडी काढली. तिने वाचला. "ह्यात मयत लिहिलेलं नाही. बेपत्ता लिहिलंय. मयत लिहिल्याशिवाय बांगड्या कशा फोडता? फुटलेली बांगडी सांधत नाही. थांबा."

"किती थांबायचं, वैनी?"

"कागद येईपर्यंत. नाहीतर तो येईपर्यंत."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. नको असलेलं ओझं खाली ठेवायला कुणीतरी सांगावं एवढीच त्याची वाट होती. "शिकल्याली बाई म्हनतीया," तो म्हणाला, "मी गावाला सांगतो तसं." सुलाबाईने जाताना शरयूचे पाय धरले. त्या रात्री शरयूला गाढ झोप लागली.

वर्ष गेलं. लढाई संपली. आणि शेहेचाळीसच्या चैत्रात तीन माणसं दारात उभी राहिली.

"वैनी," बाळासो हसत होता, त्याला तोंड मिटता येत नव्हतं, "तुमच्या सबदावर थांबलो. ह्यो बगा आला." त्याने खांद्यावरची नवी घोंगडी काढून तिच्या हातात दिली, घरच्या लोकरीची.

धुळा उंच होता, खाकी कोट घातलेला. त्याने हात जोडले. आईने ओळखलं, गावाने ओळखलं, कचेरीने कागद फिरवून दिला. शरयूचे डोळे भरून आले. आयुष्यात आपण एक तरी गोष्ट नीट केली, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. तिने सगळ्यांना शिरा केला.

जोडप्याचा फोटो काढायचा होता. एवढ्या मोठ्या दिवशी मधुकरने दोन्ही लेन्सनी फोटो काढले, जुनीने आधी, मग नवीने. चेहरे मोठे यावेत म्हणून कॅमेरा जवळ घेतला. ऊन डोळ्यांवर येत होतं, सुलाबाई दोनदा डोळे पुसून बसली. धुळाने पापणी हलवली नाही.

"असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं," मधुकर म्हणाला.

"बरं," धुळा म्हणाला.

प्लेटा दुसऱ्या दिवशी वाळल्या. जुन्या लेन्सची प्लेट छान होती. दोघं शेजारी शेजारी, सरळ समोर बघत.

नव्या लेन्सच्या प्लेटमध्ये सुलाबाई डोणीकडे बघत होती. चेहऱ्यावर ते समाधान, जे शरयू आता लांबूनही ओळखायची.

आजी गेली असेल, ती मनाशी म्हणाली. म्हातारीच होती.

तिने भिंग लावलं.

मधुकरच्या रेघेशेजारी एक उंच माणूस उभा होता. काठी मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवी, आणि दोन्ही हात तिच्यावरून खाली सोडलेले. माणातले लोक मेंढरांमागे असेच उभे राहतात.

तिने प्लेट थोडी सरकवून धुळाचे डोळे बघितले.

त्यांत अंगण होतं. आभाळ होतं, डोणीची कडसुद्धा होती. कॅमेरा नव्हता. मधुकर नव्हता. कुणीच नव्हतं.

तिने भिंग नवऱ्याला दिलं. त्याने पाहिलं, बराच वेळ पाहिलं. पट्टी घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग तो उठून हात धुवायला गेला, आणि डोणीवर न जाता स्वयंपाकघरातल्या घागरीतून पाणी घेतलं.

"जुन्या लेन्सचाच द्यायचा," परत आल्यावर तो म्हणाला. ती हो म्हणाली. तरी नव्या लेन्सची एक प्रत तिने काढली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी सुलाबाई फोटो न्यायला आली. धुळा बरोबर होता, पण तो आत आला नाही. रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभा राहिला, हात सरळ खाली सोडून.

"बरं चाललंय ना?" शरयूने विचारलं.

"लय ब्येस, वैनी. कामाला वाघ. दारू न्हाई, शिवी न्हाई. सांगंल ती कामं करत्यात."

"बोलतात?"

"इचारलं तर बोलत्यात."

शरयूने जुन्या लेन्सचा फोटो तिच्यापुढे ठेवला. सुलाबाईने पाहिला आणि बाजूला सरकवला. टेबलाच्या टोकाला दुसरा पालथा पडला होता, तो तिने आपणच उचलून सुलटा केला. तिचा चेहरा हळूहळू उमलत गेला.

"ह्यो द्या."

"अग, ह्यात तू भलतीकडेच बघतेयस. पहिल्यात दोघं कशी नीट आलाय."

"पैल्यात मालक न्हाईत, वैनी."

शरयूने पहिल्या फोटोतल्या खाकी कोटावर बोट ठेवलं. "हे काय, शेजारीच तर बसलेत."

"त्ये हायतीच की," सुलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, तक्रारही नव्हती. "मी मालकांचं म्हंते."

तिने फोटो पदरात गुंडाळला. उंबऱ्याशी आल्यावर ती थांबली, एका बाजूला सरकली आणि पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. नवरा पुढे गेल्याशिवाय बाईने उंबरा ओलांडू नये, तशी थोडा वेळ उभी राहिली. धुळा रस्त्यापलीकडे लिंबाखालीच होता. मग तिने पाऊल बाहेर टाकलं.